खंजिराचं वय

४ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार. फोन करून उपयोग नाही. तुम्ही पलीकडून नुसतं "कोण? कोण?" करत बसता आणि ओरडून ओरडून माझाच घसा बसतो. म्हणून पत्र. हे तुमच्या भावाला न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तर घरी पाठवू नका, खाली माझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. या वयात चोरून पत्रं मागवायची वेळ आली, हसा खुशाल.

काम असं आहे. ह्यांच्या उशाजवळच्या खणात तो सुरा आहे ना, लढाईतला, लंबूचा म्हणतात तो. आता त्या लंबूच्या मुलीचा पत्ता लागलाय, ह्यांच्या जुन्या पलटणीतल्या कोणीतरी कळवला. बाप लढाईत ह्यांच्यासमोर गेला तेव्हा ती पाळण्यात होती. आता औषधांचं दुकान चालवते, आईसुद्धा राहिली नाही. ह्यांनी मनावर घेतलंय की तो सुरा स्वतःच्या हाताने तिला नेऊन द्यायचा. डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली आहे, आणि हे प्रवासाला निघालेत.

प्रवासाचं काही नाही, मी जाईन सोबत. मला धास्ती वेगळीच आहे. तुमचा भाऊ तुम्हाला माहीत आहे. लढाईत सेनापतीने ह्यांच्या हातचा चहा पिऊन दुसरा कप मागितला, हे मी लग्न ठरताना ऐकलं. मुलगा झाला तोवर दोन कपांचे चार झाले होते. घरात थापा मारल्या तर कोणाचं काय जातं? पण बापाचं तोंड न पाहिलेल्या मुलीच्या हातात बाजारातला सुरा ठेवून "हा तुझ्या बापाचा" म्हणायचं, हे मला नाही सोसणार. तुम्ही उभा जन्म संग्रहालयात हत्यारं ओळखण्यात घालवलात. हा सुरा त्या लढाईइतका जुना आहे का, एवढंच मला सांगा. असला, तर मी स्वतः ह्यांचा सदरा इस्त्री करून देईन.

वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण माझे गुडघे हल्ली कागदावरसुद्धा वाकत नाहीत. उभ्यानेच घ्या.

आधी एक दुरुस्ती. तो सुरा नव्हे, खंजीर. सुरा खाटकाकडे असतो. दोन्ही बाजूंना धार, मधे कणा, निमुळतं टोक, एवढं मला आठवतंय. मी तो एकदाच हातात घेतला होता. दादा गोष्ट सुरू करणार असं दिसलं, म्हणून लगेच ठेवून दिला. नीट पाहिलाच नाही.

आता नीट वाचा. काहीही झालं तरी तो घासू नका. तुम्हाला दिसेल ते लख्ख करायची खोड आहे. एकदा घासलात की त्याच्याकडून मला काही कळायचं नाही. टपालाने पाठवू नका, हत्यार म्हणून वाटेतच जप्त होईल, आणि दादाच्या उशाशी सापडला नाही तर घरात महाभारत होईल ते निराळंच. मुठीच्या वर आडवी पट्टी आहे, तिच्यावर बनवणाऱ्याचा शिक्का असेल. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी धरून घासा, ठसा उमटेल. मुठीवर एखादा आकडा असला तर त्याचाही घ्या. मुठी साच्यात ओतायचे आणि साचा बदलला की आकडा बदलायचा, त्यावरून मुठीचं वय निघतं.

पण मूठ म्हणजे टोपी, कधीही बदलता येते. खरं वय पात्यात असतं. लढाईच्या धामधुमीत कारखान्यात जो माणूस हाताला लागेल तो चाकावर पाती घासायला बसायचा. त्यामुळे एक बाजू फुगीर, दुसरी सपाट, टोक जरासं कललेलं. लढाईनंतर यंत्रं आली आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या व्हायला लागल्या. फोटोत हा फरक कळत नाही. म्हणून पात्याचा आकार कागदावर उतरवून, कापून पाठवा.

फार आशा धरू नका, हे आत्ताच सांगून ठेवतो. दादा लढाईत होता हे खरं, पण होता शिधा पोचवायला. त्याची जी काही हातघाई झाली असेल ती पिठाच्या पोत्यांशी.

तुमचा धाकटा दीर


२० फेब्रुवारी

भाऊजी,

सोबत सगळं पाठवलंय. हे आंघोळीला गेले की मी खणाकडे. ह्यांची आंघोळ म्हणजे अर्धं पाणी आणि अर्धं गाणं, त्यामुळे वेळेची ददात नव्हती. गाणं थांबलं की मी खण लावून चादर झटकायला लागायचे. स्वतःच्याच घरात चोर झाले तुमच्यापायी.

शिक्का ऐरणीसारखा दिसतोय. मुठीवर सात आकडा आहे. तुमचा खंजीर घासला नाही, हात कसे आवरले माझं मला माहीत. पात्याचा आकार मी कापडाचे नमुने बेतते त्या कागदावर घेतलाय. कागद कसा बेतायचा हे मात्र मला शिकवू नका, अर्ध्या गावाने माझ्या हातचे गळे आणि बाह्या घातल्यात. एक रेघ वाकडी निघाली तर माझी कात्री तुम्हाला बक्षीस.

हे रोज तिकिटाची चौकशी करतायत. लवकर कळवा.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

कात्री ठेवा तुमच्याकडेच. असा आकार आमच्या संग्रहालयात कधी कोणी काढून दिला नाही.

निकाल मात्र मनासारखा नाही. ऐरणीचा शिक्का ओळखीचा आहे. हा कारखाना लढाईतही खंजीर करत होता आणि नंतरही करत राहिला, तेव्हा शिक्क्यावरून काही ठरत नाही. साताचा साचा लढाई संपून बरीच वर्षं झाल्यावरचा आहे, पण मूठ बदललेली असू शकते, म्हणून मी तीही बाजूला ठेवली. मग तुमचा कागद घेतला. मधल्या घडीवर दुमडून पाहिला. डावी बाजू उजवीवर केसाचाही फरक न पडता बसली. हाताने घासलेलं पातं असं बसणं शक्य नाही. हे यंत्राचं काम, म्हणजे लढाईनंतरचं. लंबूच्या हाताला हा खंजीर लागलेला नाही, कारण लंबू होता तेव्हा हा खंजीरच नव्हता.

दादाने तो एखाद्या जुन्या बाजारात घेतला असणार आणि गोष्ट त्याला नंतर चिकटवली असणार. शेवटी सापडला बघा चोर! इतकी वर्षं सगळे त्याला थापाड्या म्हणायचे, आता माझ्याकडे पुरावा आहे. गंमत सोडा, त्या मुलीला हा देऊ नका. या कामात माझा शब्द आजवर कोणाला फिरवावा लागलेला नाही.

तुमचा धाकटा दीर


१८ मार्च

भाऊजी,

मी सांगितलं ह्यांना. सांगणार नव्हते. काहीतरी निमित्त काढून प्रवास लांबवायचा, असं ठरवलं होतं. पण परवा दुपारी दुकानातून वर आले तर हे स्वतःच सदरा इस्त्री करत उभे. पलंगावर खंजीर एका स्वच्छ पंचात गुंडाळून ठेवलेला, शेजारी दोन तिकिटं. मला म्हणाले, "तिच्यासमोर जाताना चुरगळलेलं नको दिसायला." माझ्याच्याने राहवलं नाही. तुमचं पत्र हातात दिलं.

हे खिडकीपाशी गेले, चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं आता भडकतील, तुम्हाला चार शिव्या घालतील, मला चार घालतील. तशी तयारी ठेवली होती. हे म्हणाले, "धाकट्याने लिहिलंय?" मी हो म्हटलं. "त्याला त्यातलं कळतं," म्हणाले. बस. इस्त्री बंद केली, सदरा परत टांगला. संध्याकाळी त्या मुलीला एक कार्ड लिहून स्वतः पेटीत टाकून आले, जिने उतरून आणि चढून.

तेव्हापासून घरात शांतता आहे. आंघोळीतलं गाणंसुद्धा बंद. काल शेजारचे आले होते, त्यांनी मुद्दाम चिडवायला म्हणून लढाईचा विषय काढला, तर हे म्हणाले, "फार जुनं झालं ते, मला नीट आठवत नाही." मला वाटलं होतं की एकदा हे थापा मारायचे थांबले की मी सुटले. कसली सुटते? तुम्ही ह्यांना दोन ओळी लिहा. काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण लिहा.

वहिनी


३० मार्च

वहिनी,

दादाला लिहायला तीनदा बसलो. एकदा फार उपदेश झाला, एकदा फार थट्टा झाली, आणि एकदा नुसतं हवापाणी. तिन्ही फाडली. त्याला म्हणावं, मी काही रागावलेलो नाही. म्हणजे, त्याने रागावायचं की मी, तेही मला कळेनासं झालंय.

तो रुसलाय, दुसरं काही नाही. लहानपणी पतंग फाटला की आठवडा आठवडा बोलायचा नाही आणि मग आपणहून यायचा. उन्हाळ्यात येईन तेव्हा समोरासमोर मिटवू. खरं ते खरं, ते कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

तुमचा धाकटा दीर


१४ जून

वहिनी,

दादाचं तेरावं करून परत येऊन पाच-सहा दिवस झाले. दादाच्या खोलीतून निघताना तुम्ही तो खंजीर माझ्या पिशवीत घातलात आणि म्हणालात, "तुमच्या संग्रहालयात ठेवा, नाहीतर विहिरीत टाका, मला घरात नको." मी पिशवी उचलून निघालो. जिथे मी त्याच्याशी बोलायला उन्हाळ्यात येणार होतो तिथे त्याला पोचवायला आलो, मग बोलणार काय?

आज तो टेबलावर काढला. संग्रहालयात द्यायचा तर नोंद हवी, म्हणून तुमचा तो कागद पाकिटातून काढला आणि सवयीने पात्यावर ठेवला. बसेना. डावीकडे बसला, उजवीकडे पातं कागदाबाहेर आलं. कागद उलटा केला, तरी तेच. मग पातं डोळ्यांसमोर धरून टोकाकडे पाहिलं. टोक कललेलं आहे, वहिनी. उजवी बाजू फुगीर, डावी सपाट. कोणीतरी घाईत, हाताने, चाकावर घासलेलं पातं आहे ते.

मग मी त्या कागदाकडे पाहत बसलो. मधोमध घडी. मला वाटलं होतं, पाकिटात बसावा म्हणून घातली असेल. एक विचारतो, रागावू नका. तुम्ही अर्धंच पातं आखलं होतं का, आणि कागद दुमडून कापला?

मुठीच्या टोकाचा नट सोडवून मूठ काढली. ती नंतरचीच आहे, त्यात मी चुकलो नव्हतो. पण आत पात्याची दांडी आहे, तिच्यावर कारखान्याच्या तपासनिसाचा शिक्का आहे, लढाईच्या दुसऱ्या वर्षाचा. त्याच्या खाली खिळ्याने ओरखडून काढलेला एक माणूस आहे. नुसत्या चार रेघा, पण पाय इतके लांब की दांडी संपते तरी पुरत नाहीत. लंबूने काढला असणार, दुसरं कोण काढेल?

दादा खरं बोलत होता. मला खंजीर ओळखता येतात, आणि मी खंजीर न बघता कागद बघून निकाल दिला. एक दिवसाचा प्रवास होता. गुडघे दुखतात म्हणून आलो नाही. आणि त्याने मला साधं "तू येऊन बघ तरी" एवढंही म्हटलं नाही. "त्याला त्यातलं कळतं" म्हणाला. हे वाक्य मला झोपू देत नाही.

तुमचा दीर


२२ जून

भाऊजी,

हो. अर्धंच आखलं. कापड नेहमी दुमडूनच बेततात, नाहीतर एक खांदा वर आणि एक खाली येतो. गिऱ्हाईक वाकडं असलं तरी नमुना सरळ कापायचा, हे माझ्या हातात इतकं बसलंय की तुमच्या पत्रात "एक बाजू फुगीर" असं लिहिलेलं वाचूनही हात तसाच चालला. मला तर उलट वाटलं, किती नीटस झालंय. तुमच्याकडून शाबासकी मिळाली तेव्हा मी ती दुकानातल्या बायकांना वाचून दाखवली होती.

सगळा दोष अंगावर घेऊ नका. घ्यायचा तर अर्धा अर्धा घेऊ, दुमडून.

आणखी एक ऐका, म्हणजे तुमचं पुरतं समाधान होईल. मूठ बदललेली आहे हे मला माहीत होतं. हे सांगायचे की, "मूठ फुटली होती, लंबू दोरी गुंडाळून वापरायचा, मी नंतर नवी बसवून घेतली." कानावर शंभरदा पडलं असेल. पडायचं, आत जायचं नाही. तुम्ही मुठीचं लिहिलंत तेव्हासुद्धा आठवलं नाही, आज आठवलं.

तुमचा पुतण्या कामासाठी तिकडे येतोय, त्याच्याकडे खंजीर द्या. मूठ बसवून द्या. मी त्या मुलीकडे जाते. ह्यांचं तेवढं तरी माझ्या हातून व्हायला हवं.

वहिनी


९ जुलै

भाऊजी,

जाऊन आले. दुकान लहान आहे, स्टेशनपासून जवळ. काउंटरमागे काचेची कपाटं, बाटल्यांवर तिने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या लावलेल्या. मुलगी मुलगी म्हणतो आपण, तिचे केस पिकलेत. उंच आहे. कपाटाच्या वरच्या फळीवरची बाटली तिने टाचा न उचलता काढली, तेव्हा मला रडू आलं आणि तिला काही कळेना.

मी खंजीर दिला, तुमचं सगळं सांगितलं, कागदाची चूक, मुठीतला तो लंबटांग्या माणूस. तिने दोन्ही हातांनी घेतला, वजन केल्यासारखा थोडा वर-खाली केला आणि औषधांच्या तराजूशेजारी ठेवला. मला वाटलं, झालं आपलं काम. तर तिने दुकानाचं दार लावून घेतलं, मला स्टूल दिलं, स्वतः एका खोक्यावर बसली आणि म्हणाली, "आता सांगा."

मी म्हटलं, काय?

तिने ह्यांची दोन कार्डं आणून दाखवली. पहिल्यात लिहिलं होतं, "तुझ्या बाबांची वस्तू आणतो आहे, आणि तुझ्यासाठी त्यांनी शेवटी सांगितलेला निरोपही. तो कार्डावर लिहिण्यासारखा नाही, समोर बसून सांगीन." दुसरं मार्चमधलं. "वस्तू ती नव्हे असं जाणकार सांगतात. मग बाकीचंही मला नीट आठवत नसेल. म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नकोस." ती म्हणाली, "काकू, खंजीर ठीक आहे. पण आईला सरकारकडून नुसता छापील कागद आला होता. बाबा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले हे मला पहिल्यांदाच कळलं. काय बोलले? काकांनी तुम्हाला तर सांगितलंच असेल."

भाऊजी, मी तोंड उघडलं आणि माझ्याजवळ काही नव्हतं. नदी होती, पोती होती, कुठलासा बूट होता. पुढे? पुढे मी नेहमी स्वयंपाकघरात. दूध उतू चाललंय, गिऱ्हाईक खोळंबलंय, काहीतरी असायचंच. फेब्रुवारीत एकदा हे म्हणाले सुद्धा होते, "जरा बस, तिला कसं सांगायचं ते तुझ्यासमोर म्हणून बघतो." मी म्हटलं, "मला तोंडपाठ आहे हो तुमचं." ती बिचारी माझ्याकडे बघत बसून राहिली. मी म्हटलं, आठवून लिहून पाठवते.

मुलाला विचारलं. त्याला फक्त सुरुवातीची नक्कल येते. तुम्ही ही गोष्ट सगळ्यांत आधीपासून ऐकलेली आहे, ते नुकतेच परत आले होते तेव्हापासून. जेवढं आठवतं तेवढं सगळं लिहा. त्यांच्या शब्दांत लिहा. थापा असल्या तर त्याही लिहा.

वहिनी


१७ जुलै

वहिनी,

लिहितो. शब्द जमेल तितके दादाचेच ठेवतो.

"पहाट झाली नव्हती. पलीकडच्या चौकीतली माणसं उपाशी, आणि मधे नदी. पोती डोक्यावर घेऊन उतरायचं. पाणी माझ्या छातीपर्यंत, लंबूच्या कमरेपर्यंत." इथे तो उठून उभा राहायचा आणि कमरेला हात लावून दाखवायचा. "लंबू लढणारा गडी, आमच्या सोबतीला दिलेला. तो पुढे, मी मागे. तो सारखा मागे वळून म्हणायचा, पीठ भिजवू नकोस रे, भिजलं तर तूच खायचंस. मधोमध माझा पाय दगडात अडकला. बूट निघेना. लंबू माघारी आला. सगळे पुढे गेले, हा माघारी आला. खंजीर तोंडात धरला, पाण्याखाली डोकं घातलं आणि नाडी कापली. पाय सुटला. तो वर आला आणि हसला, आणि तेवढ्यात पलीकडून गोळी आली.

"मी त्याला पोत्यावर घातला आणि ओढत काठाला आणला. पीठ भिजलं. काठावर गवत होतं, तिथे त्याचं डोकं मांडीवर घेतलं. शुद्धीवर होता. दुखतंय का विचारलं, तर म्हणाला, थंडी वाजते. मग त्याने हा खंजीर माझ्या हातात दिला. माझी बोटं त्याने स्वतःच्या बोटांनी मिटवली. आणि मला म्हणाला, माझी मुलगी मोठी झाली की तिला सांग..."

वहिनी, इथे आलं की दादाचा आवाज भरून यायचा आणि तो जरा थांबायचा. तो थांबला की मी म्हणायचो, "दादा, पुढचं माहीत आहे," आणि उठायचो. दरवेळी. सगळे उठायचे.

मला पुढचं माहीत नाही.

तुमचा दीर